प्रकल्प नोंदी: त्सुचिउरा, दोन फाइली

१८ नोव्हेंबर २०२४

एप्रिल २०२५ मध्ये जपानचं नवं शालेय वर्ष सुरू होईल. तेव्हापासून माझी पत्नी इबाराकी प्रांतातल्या त्सुचिउरा परिसरातल्या सरकारी शाळांत सहायक भाषा शिक्षक म्हणून रुजू होणार. तिथे या पदाला सगळे 'एएलटी' म्हणतात. मी अवलंबित म्हणून सोबत. आजपासून कामाच्या दोन फाइली केल्या आहेत: फाइल १ शिकवणारीची, फाइल २ सोबत जाणाऱ्याची. बहुतेक घरांत पहिलीच तेवढी नीट लावली जाते आणि दुसरी 'तिकडे गेल्यावर बघू' म्हणून राहते. तसं इथे करायचं नाही.

फाइल १ मधला कळीचा कागद पदवीचा नाही, माध्यमाचा आहे. जपानच्या शाळांत परकी भाषा शिकवणाऱ्याला जो 'शिक्षण' प्रकारचा निवास-दर्जा मिळतो, त्यासाठी त्या भाषेतून किमान १२ वर्षांचं शिक्षण दाखवावं लागतं. दहावीपर्यंत मराठी माध्यम असेल तर हिशेब असा पडतो: अकरावी-बारावीची २ वर्षं, पदवीची ३, पदव्युत्तरची २ आणि बीएडची २. एकूण ९. म्हणजे इंग्रजीत एमए, बीएड झालेली व्यक्तीही इथे अडते. सेमी-इंग्रजीची वर्षं धरली जातील असं गृहीत धरू नये. पहिलीपासून इंग्रजी माध्यम असेल तर प्रत्येक शाळेकडून लेटरहेडवर दाखला घ्यायचा: कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, कोणत्या इयत्ता, शिकवण्याचं माध्यम इंग्रजी. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माध्यम लिहिलेलं असेलच असं नाही, आणि मध्ये शाळा बदलली असेल तर एक दाखला पुरत नाही.

९ डिसेंबर २०२४

फाइल २: विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि त्याचं जपानी भाषांतर. भाषांतर कोणीही करू शकतं. खाली भाषांतरकाराचं नाव, पत्ता, तारीख आणि सही हवी. हा कागद दोनदा लागतो. एकदा व्हिसाआधी जपानकडून लागणाऱ्या निवास-पात्रता प्रमाणपत्राच्या अर्जाला, आणि पुन्हा तिथल्या नगरपालिकेत. दुसऱ्या वेळेला तो हातात नसला तर कुटुंबप्रमुखाशी असलेलं नातं 'पती' किंवा 'पत्नी' असं नोंदवत नाहीत, दूरचा नातलग किंवा सहनिवासी असं काहीतरी लिहितात. मग विम्यापासून करसवलतीपर्यंत प्रत्येक ठिकाणी ते नडतं. म्हणून मूळ प्रत हातातल्या बॅगेत ठेवायची, सामानात नाही.

नावांची जुळणी आजच करून टाकली. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःच्या नावाला जोडून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव येतं, पदवीवर माहेरचं आडनाव, विवाह प्रमाणपत्रावर दोन्ही. जपानमध्ये मधलं नाव अशी वेगळी चौकट नाही. पासपोर्टवर जे छापलंय ते अख्खं निवासकार्डावर जातं. त्यामुळे माहेरच्या आणि सासरच्या नावाची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि त्याचं भाषांतर अर्जालाच जोडावं. नंतर खुलासा मागितला तर तीन-चार आठवडे त्यातच जातात. काताकाना या परकी नावांच्या जपानी लिपीत नाव कसं लिहायचं तेही आत्ताच ठरवून दोघांच्या फाइलीवर मोठ्या अक्षरात चिकटवलं. बँकेत एक, विम्यात दुसरं आणि पगारपत्रकात तिसरं लेखन झालं तर पगाराचे पैसे परत जातात.

दोन्ही फाइलींचे अर्ज नियोक्त्यामार्फत एकाच वेळी टाकले. सोबत टाकले तर निकालही बहुधा सोबत येतो. शिक्षकाने आधी जाऊन मग जोडीदारासाठी अर्ज केला तर मध्ये दोन-तीन महिने सहज पडतात.

२० जानेवारी २०२५

पैशांचा आराखडा. एप्रिलच्या कामाचा पगार मे महिन्याच्या शेवटी येणार. मार्चच्या शेवटी उतरणार, म्हणजे दोन महिने खिशातून. ५२,००० येन भाड्याच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असलेल्या घराचा सुरुवातीचा खर्च असा:

पहिलं भाडं ५२,०००. अनामत एक महिना, ५२,०००. घरमालकाला परत न मिळणारी 'रेइकिन', ५२,०००. दलाली एक महिना अधिक १० टक्के कर, ५७,२००. हमी कंपनी अर्धा महिना, २६,०००. दोन वर्षांचा आग विमा १८,०००. कुलूप बदलणं १६,५००. बेरीज २,७३,७०० येन.

त्यावर जुनं धुलाई यंत्र, फ्रीज, गादी, पडदे, दिवे धरून लाखभर. उरलेलं भाडं, जेवण, प्रवास, फोन. एकूण ६ लाख येन हाताशी हवेत, जानेवारी २०२५ च्या दराने सुमारे सव्वातीन लाख रुपये. यात सुटीच्या दिवसांची चैन धरलेली नाही.

रेइकिन आणि दलाली टाळायची असेल तर 'यूआर' या सार्वजनिक गृहसंस्थेची घरं आहेत. तिथे रेइकिन, दलाली, हमीदार, नूतनीकरण शुल्क यांतलं काही नाही. अट उत्पन्नाची: या भाडेगटात महिन्याचं उत्पन्न भाड्याच्या चौपट, किंवा शिल्लक भाड्याच्या शंभरपट. शाळेच्या वाटेवर यूआरची वसाहत असेल तर आधी तिथेच विचारावं.

२४ फेब्रुवारी २०२५

दोन्ही पात्रता प्रमाणपत्रं ईमेलने आली. ती तीन महिन्यांसाठी वैध असतात, तेवढ्यात जपानमध्ये पोचायला हवं. व्हिसाचे अर्ज मुंबईकडे.

बॅगेबद्दल. मांस आणि मांसाचे पदार्थ अजिबात नाहीत. धान्य, डाळी, ताजी फळं-भाज्या यांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, म्हणून तूरडाळ आणि आंबेमोहोर इथेच ठेवायचा. औषधं: डॉक्टरांनी लिहून दिलेली एक महिन्याची, दुकानातली साधी दोन महिन्यांची, एवढी परवान्याशिवाय चालतात. सर्दीच्या गोळ्यांचं पाकीट उलटून वाचावं. स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असलेली गोळी आधी परवानगी न घेता नेणं तिथे गुन्हा आहे, नुसती डॉक्टरांची चिठ्ठी पुरत नाही.

मिक्सर नेऊ नये. जपानमध्ये वीज १०० व्होल्ट. ७५० वॅटच्या मिक्सरला किमान १,५०० वॅटचा, कित्येक किलो वजनाचा ट्रान्सफॉर्मर लागतो. सुरू होताना मोटर जास्त ओढते, म्हणून जेमतेम क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर तापून बंद पडतो. कुकर मात्र न्यावा, सोबत दोन रिंगा आणि सेफ्टी व्हॉल्व्ह.

२२ मार्च २०२५, शनिवार

नारिता. निवासकार्डं विमानतळावरच मिळाली. फाइल २ साठी एक गोष्ट: विमानतळावर अर्धवेळ कामाची परवानगी हातोहात मिळते ती विद्यार्थ्यांना. अवलंबितांना नंतर आप्रवासन कार्यालयात वेगळा अर्ज करावा लागतो.

२४ मार्च, सोमवार

घराची किल्ली आधी, नगरपालिका नंतर. पत्ता ठरल्यापासून १४ दिवसांत नोंद करायची असते आणि हॉटेलचा पत्ता चालत नाही. निवासकार्डाच्या मागे पत्ता छापला की पुढचं सगळं सुरू होतं: विमा, फोन, बँक, सायकलची नोंदणी.

एकाच फेरीत करून घ्यायची कामं: पत्त्याची नोंद, दोघांचं नातं दाखवणारा रहिवास उतारा, ज्याला 'जूमिनह्यो' म्हणतात, त्याच्या तीन प्रती, 'माय नंबर' कार्डाचा अर्ज आणि कचऱ्याचं वेळापत्रक. क्रमांकाचं पत्र दोन-तीन आठवड्यांत टपालाने येतं. दारावरच्या टपालपेटीवर दोघांचीही आडनावं लिहून ठेवावीत, नाहीतर ते पत्र परत जातं. २ डिसेंबर २०२४ पासून जुन्या पद्धतीची विमा कार्डं देणं थांबलंय, त्यामुळे माय नंबर कार्ड लवकर झालेलं बरं. ते नसेल तर विमा असल्याचं पात्रता पत्र मिळतं, दवाखान्यात तेही चालतं.

२७ मार्च

घर रिकामं म्हणजे खरोखर रिकामं. छताला दिवा नाही, नुसतं गोल सॉकेट. शेगडी नाही. पाणी आणि वीज फोनवर सुरू होतात. गॅस मात्र माणूस येऊन सुरू करतो आणि त्या वेळी घरात कोणीतरी हजर असावं लागतं. मार्चअखेर सगळा देश घरं बदलत असतो, म्हणून ही वेळ आठवडाभर आधी बांधून घ्यावी.

शेगडी घेताना गॅसचा प्रकार पाहावा. इथल्या बऱ्याच घरांत सिलिंडरचा प्रोपेन आहे, शहरांत नळाचा '१२ए, १३ए'. शेगडीच्या बाजूच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. चुकीची शेगडी पेटते, पण ज्योत नीट जळत नाही, काजळी धरते आणि बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो. जुन्या बाजारात स्वस्त मिळाली म्हणून उचलू नये.

दुसरा प्रश्न भाकरीचा. २००८ पासून जपानी शेगडीच्या प्रत्येक बर्नरच्या मध्यभागी तापमान मोजणारं बटण असतं. भांडं साधारण २५० अंशांपर्यंत तापलं की ज्योत आपोआप बारीक होते, मग विझते. कोरडा लोखंडी तवा तिथवर पटकन पोचतो, आणि फुलका थेट आचेवर धरायला जाळी ठेवली तरी यंत्रणा मध्ये येते. उच्च तापमानाचं बटण असलेली शेगडी घेतली तर मर्यादा थोडी वर सरकते. छोट्या डब्याच्या टेबलशेगडीला सहसा असं बटण नसतं, पण तिच्यावर मोठा तवा ठेवायचा नाही. तो गॅसच्या डब्यावर आला तर उष्णता परतून डबा फुटतो. ज्वारीचं पीठ 'ताकाकिबी' नावाने लहान पुड्यांत मिळतं, महाग. रोजच्यासाठी तोक्योतलं निशी-कासाई किंवा ऑनलाइन भारतीय दुकानं.

वीजजोडणी ३० अँपिअरची आहे. भाताचा कुकर, मायक्रोवेव्ह आणि एसी एकत्र लावले की मुख्य स्विच पडतो.

२ एप्रिल

फोनला बँक हवी, बँकेला फोन हवा. ही गाठ फोनच्या टोकाकडून सोडवायची. आवाजी क्रमांक देणारं, आणि भारतीय क्रेडिट कार्ड किंवा दुकानातून रोख बिल स्वीकारणारं सिम आधी घ्यावं, मग बँक. परकीय चलनाच्या नियमांत सहा महिन्यांच्या आतल्या परदेशी माणसाला अनिवासी धरतात, पण इथे नोकरी असली तर पहिल्या दिवसापासून निवासी. शिकवणारीचं खातं नियुक्तीपत्र दाखवून उघडलं. अवलंबिताला बऱ्याच बँका सहा महिने थांबायला सांगतात. त्यामुळे पहिल्या सहामाहीत घरातली सगळी बिलं एकाच्या खात्यातून जातात. ही गोष्ट दोघांनी आधी मोकळेपणाने बोलून घ्यावी. ज्याने भारतात स्वतःचा पगार सोडलेला असतो त्याच्या मनाला ती लागते.

११ एप्रिल

शाळेचा पहिला आठवडा. प्राथमिक शाळेत तास ४५ मिनिटांचा, माध्यमिकमध्ये ५०. २०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा गुणांकनाचा विषय आहे, वर्षाला ७० तास. तिसरी-चौथीला ३५ तास, त्यात फक्त ऐकणं-बोलणं. प्राथमिकमध्ये सोबत वर्गशिक्षक असतो, माध्यमिकमध्ये इंग्रजीचा जपानी शिक्षक. चर्चेला वेळ मिळतो तो व्हरांड्यात चालता चालता पाच मिनिटं. म्हणून योजना एका पानावर, डावीकडे मिनिटं, मध्ये मुलांनी काय करायचं, उजवीकडे वर्गशिक्षकाने काय करायचं, अशी आदल्या दिवशी त्याच्या टेबलावर ठेवायची. उजवा रकाना रिकामा राहिला तर तो मागे उभा राहतो आणि सगळा वर्ग एकटीवर येतो.

४५ मिनिटांची विभागणी: अभिवादन ३, गप्पा ५, नवं वाक्य ८, सराव ७, खेळ १४, लिहिणं ४, शेवटी मुलांनी स्वतःचं मागे वळून पाहणं ४. शेवटचा भाग कापायचा नाही. वर्गशिक्षक गुणांकनासाठी तोच वाचतो. खेळाचे नियम तोंडी सांगू नयेत, वर्गशिक्षकाला पुढे घेऊन एक डाव खेळून दाखवावा. चित्रकार्डं ए-४ आकाराची. त्याहून लहान असली तर ३५ मुलांच्या वर्गात मागच्या बाकाला दिसत नाहीत.

२१ एप्रिल

शाळेतलं जेवण. शिक्षकही मुलांसोबत वर्गात तेच जेवतात. शाकाहारी व्यक्तीसाठी यात जवळजवळ काहीच नसतं. मिसो सूपमध्ये माशाचा अर्क, रश्शात डुकराची चरबी, भाजीवर वाळलेल्या माशाच्या कापट्या. पैसे महिन्याच्या हिशेबाने कापले जातात, म्हणून जेवण बंद करण्याची विनंती उपमुख्याध्यापकांकडे लेखी द्यायची आणि घरून डबा आणायची परवानगीही त्यातच मागायची. 'मांस खात नाही' एवढं लिहिलं तर मासे येतात. काय काय चालत नाही ते एकेक लिहावं: मांस, मासे, माशाचा अर्क, हाडांचा रस्सा, जिलेटिन. डबा फार वासाचा नसावा. लसणाची चटणी घरीच बरी.

१२ मे

फाइल २: अर्धवेळ कामाचा अर्ज मितोच्या आप्रवासन कार्यालयात दिला. शुल्क नाही. आठवड्याला २८ तासांपर्यंतची ही सरसकट परवानगी नोकरीसाठी असते. घरी शिकवण्या घेणं किंवा स्वतंत्र भाषांतर यांना वेगळी, त्या कामापुरती परवानगी लागते. भारतातल्या कंपनीचं काम घरून करायचं असेल तरी आधी विचारून घ्यावं.

२८ तास मिळतात म्हणून २८ तास करू नयेत. इबाराकीचं किमान वेतन मे २०२५ मध्ये ताशी १,००५ येन होतं. २८ तास आणि ५२ आठवडे धरले तर वर्षाचे १४,६३,२८० येन. पण जोडीदाराच्या आरोग्य विम्यात फुकट राहण्याची मर्यादा १३ लाख आहे. ती ओलांडली की स्वतःचा आरोग्य विमा आणि निवृत्ती वर्गणी सुरू. एप्रिल २०२५ पासूनच्या वर्षात नुसती वर्गणीच महिन्याला १७,५१० येन होती. म्हणून त्या वेतनात २४ तासांवर थांबायचं. २०२५ च्या नियमांत आणखी एक पायरी खाली होती: ५१ किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या कंपनीत आठवड्याला २० तास आणि महिन्याला ८८,००० येन झाले की तिथलाच विमा लागू व्हायचा. त्या हिशेबाने जोडीदाराचा विमा टिकवायचा असेल तर मोठ्या कंपनीत १९ तास, छोट्या दुकानात २४.

हे सगळं नियोक्ता 'शाकाई होकेन', म्हणजे नोकरदारांचा विमा, देत असेल तरच. काही करारांत तास थोडे कमी दाखवून तो टाळतात. मग दोघांनाही नगरपालिकेचा विमा आणि दोन वर्गण्या भराव्या लागतात. करारावर सही करण्याआधी पगाराच्या आकड्याइतकंच हे पाहावं.

३० मे

पहिलं पगारपत्रक. ढोबळ २,३५,०००. निवृत्ती वर्गणी २१,९६०, आरोग्य विमा साधारण ११,७००, बेरोजगारी विमा सुमारे १,३००, आयकर तीन हजारांच्या आसपास. हातात १,९७,००० च्या जवळपास. अवलंबितांचा करअर्ज पहिल्या पगाराआधी दिला होता म्हणून आयकर इतका कमी. तो न दिल्यास वेगळ्या, चढ्या तक्त्याने कापतात. रहिवास कर यंदा नाही, कारण तो १ जानेवारीला इथे नोंद असलेल्यांना मागच्या वर्षाच्या कमाईवर लागतो. पुढच्या जूनपासून तो सुरू होईल तेव्हा हातातला पगार घटेल. त्यासाठी आत्तापासून महिन्याला काहीतरी बाजूला.

भारतातल्या आईवडिलांना पैसे पाठवत असाल तर प्रत्येकाच्या नावावर वेगळे पाठवावेत. ३० ते ६९ वयाच्या नातलगासाठी, इतर अपवाद लागू नसतील तर, वर्षाला ३,८०,००० येन पाठवल्याचा पुरावा असेल तरच करसवलत मिळते. आईचेही पैसे वडिलांच्या खात्यात गेले तर आईच्या नावाने सवलत धरत नाहीत.

७ जुलै

वर्गातली दोन निरीक्षणं. तिसरीची मुलं जपानीच्या तासाला रोमन अक्षरं शिकतात, पण २०२५ मध्ये ती 'शि' हा अक्षरसमूह 'एसआय' असा आणि 'चि' हा 'टीआय' असा शिकत होती. पाचवीत इंग्रजी शब्द वाचताना ती सवय आडवी येते. 'तुम्ही चुकताय' न म्हणता फळ्याचे दोन भाग करावेत, डावीकडे जपानी लेखन, उजवीकडे इंग्रजी शब्द, आणि दोन्ही वेगवेगळे वाचून घ्यावेत.

दुसरं मराठी शिक्षकासाठी. आपण इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीचे प, ट, क हवेचा झोत न देता म्हणतो. जपानी मुलाच्या कानाला 'पेन' कधी कधी 'बेन' वाटतं. ओठांसमोर कागदाची पट्टी धरून ती हलेल इतका झोत द्यावा. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' आपल्याकडे एकाच 'व'मध्ये मिसळतात. 'व्ही'ला वरचे दात खालच्या ओठावर टेकलेले मुलांना दिसले पाहिजेत, कारण त्यांच्याकडे त्याचा 'ब' होतो. आपण सुधारलं की तेच वर्गाला शिकवता येतं, त्यामुळे हा अर्धा तास आरशासमोर घालवण्यासारखा आहे. मूळचे महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक इथल्याच 'त्सुचिउरा पहिलं हायस्कूल' या नावाच्या सरकारी शाळेचे २०२३ मध्ये मुख्याध्यापक झाले, म्हणजे भारतीय शिक्षक इथल्या पालकांना अगदीच नवा नाही.

२५ ऑगस्ट

सुटीचा महिना. अनेक करारांत ऑगस्टचा पगार कमी असतो. करारात 'महिना' की 'कामाचे दिवस' हे शब्द पाहावेत. इथल्या शाळा आपत्तीत आसऱ्याची ठिकाणं असतात, म्हणून घराजवळची शाळा कोणती ते दोघांनी चालत जाऊन पाहिलं. माणशी रोज ३ लिटर या हिशेबाने तीन दिवसांचं पाणी, म्हणजे १८ लिटर, पलंगाखाली ठेवलंय.

६ ऑक्टोबर

वाहन परवाना. भारताचा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या जिनिव्हा कराराखालचा असल्याने इथे उतरल्यापासून एक वर्ष चालतो. नंतर इबाराकी-माचीच्या परवाना केंद्रात भारतीय परवाना जपानी परवान्यात बदलून घ्यावा लागतो. १ ऑक्टोबरपासून लेखी परीक्षा १० ऐवजी ५० प्रश्नांची झाली आणि ९० टक्के हवेत. परवाना मिळाल्यावर भारतात तीन महिने राहिल्याचा पुरावा लागतो, म्हणून जुना पासपोर्टही फाइलीत. या सगळ्याला लागणारा वेळ पाहता जानेवारीतच तारीख घ्यावी, मार्चपर्यंत थांबू नये.

निवास-दर्जा एका वर्षाचा मिळालाय. मुदत संपण्याआधी तीन महिन्यांपासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो, म्हणजे डिसेंबरच्या शेवटी. ऑक्टोबर २०२५ मध्ये शुल्क खिडकीवर माणशी ६,००० येन, ऑनलाइन ५,५०० होतं. १ जानेवारी २०२५ ला इथे नोंद नव्हती, त्यामुळे नगरपालिका कर-प्रमाणपत्र देऊ शकणार नाही. त्याऐवजी सगळी पगारपत्रकं आणि नोकरीचा दाखला. दोन्ही फाइलींचा अर्ज एकाच दिवशी द्यायचा. पगारपत्रकांच्या प्रती दोन संचांत काढायला आजपासून सुरुवात केली.